सत्तर ग्रॅम

गेल्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. आता गडचांदूरला फिटर आहे, भाड्याच्या खोलीत राहतो. मला सुऱ्या बनवायचा नाद आहे हे अर्ध्या राजुऱ्याला माहीत आहे, आणि नाद संसर्गजन्य असतात. चहा पिता पिता तो म्हणाला, "सर, बेल्ट ग्राइंडर घ्यायचा आहे. कोणता घेऊ? मागे एवढीशी जागा आहे. खोली बदलली तर उचलून नेता आला पाहिजे."

प्रश्न अगदी साधा होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं ते दीड तासानं मिटलं. जाताना पोरगा आला होता त्याहून जास्त गोंधळलेला दिसत होता. मास्तर लोकांचं हे असंच असतं, कुणी वाट विचारली की आम्ही भूगोल शिकवायला लागतो. तेव्हा त्याला जे धड सांगता आलं नाही ते इथे नीट लिहून काढतो. मोटर किती हॉर्सपॉवरची आणि पट्टा किती इंची, हे प्रश्न दुसरे-तिसरे आहेत. पहिला प्रश्न वेगळाच आहे आणि तो कळायला मला तीन यंत्रं लागली.

आधी माझी जागा सांगतो. घराच्या मागे छपरी आहे, सहा फूट बाय नऊ फूट. वर टिनाचं छप्पर. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला आमच्या स्वयंपाकघराची खिडकी. तिसऱ्या बाजूला सांदवाडी, तिथे कडुलिंबाखाली बाबांची बाज. बाबा सकाळी सहापासून ऊन चढेपर्यंत त्या बाजेवर असतात. ही बाज लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सुरी बनवायची म्हणजे चांगल्या पोलादाची पट्टी घ्यायची. आमच्याकडे त्यासाठी ट्रकच्या किंवा जीपच्या कमानीचा तुटलेला पाटा वापरतात. मग तिला आकार द्यायचा, दोन्ही अंगांनी धारेकडे उतार काढायचा, लालबुंद तापवून तेलात विझवून पाणी द्यायचं, मग दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा हलकं तापवून तिचा ठिसूळपणा घालवायचा, मूठ बसवायची आणि धार लावायची. यातलं सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे उतार काढणं. ते कानशीनं होतं, पण एका सुरीला दोन-तीन संध्याकाळी जातात. म्हणून यंत्र.

आता यंत्र म्हटलं की बाजारात पहिला दिसतो तो हातातला अँगल ग्राइंडर. स्वस्त, राजुऱ्यातही मिळतो, झोळीत मावतो. पट्टी कापायला उत्तम. पण त्याची तबकडी मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते आणि हात थोडा हलला की उतारावर खळगा पडतो. दुसरं म्हणजे गोल दगडाचं बेंच ग्राइंडर. त्यावर धार काढता येते, पण सपाट उतार येत नाही, दगड गुळगुळीत झाला की कापण्याऐवजी नुसता तापवतो, आणि तडा गेलेला दगड फुटला तर तुकडे गोळीसारखे येतात. बेल्ट ग्राइंडर या दोघांपेक्षा शहाणा. दोन-तीन चाकांवरून घासकागदाचा कापडी पट्टा पळतो, मागे सपाट लोखंडी पाठ असते, तिच्यावर सुरी टेकवायची. पट्टा अर्ध्या मिनिटात बदलतो. चाळीस नंबरच्या खरखरीत पट्ट्यानं सुरू करून चारशे नंबरपर्यंत एकाच यंत्रावर जाता येतं. इथवर कुणाचा वाद नाही.

वाद सुरू होतो तो मापावरून. जगभरचे सुरीवाले ज्याला प्रमाण मानतात तो पट्टा २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब. मीही वाचून वाचून भारावलो होतो. शेवटी नागपूरहून एक जुनं यंत्र आणलं, दोन हॉर्सपॉवरची मोटर, दीडशे मिलिमीटरचं चालक चाक. टेम्पोतून उतरवायला तीन माणसं लागली. मोटर मिनिटाला २८८० फेरे घेत होती. चाकाच्या परिघाला गुणा म्हणजे पट्ट्याचा वेग निघतो, मिनिटाला साडेतेराशे मीटर, अर्थात ताशी ८१ किलोमीटर. आमची चंद्रपूरची एसटी वर्धा नदीचा पूल ओलांडल्यावर जेवढी पळते तेवढा. सहा बाय नऊच्या छपरीत मी एसटी पळवत होतो!

पहिल्या दिवशी मीटरजवळचा स्विच दोनदा पडला. मे महिन्यात, सगळ्यांचे कूलर सुरू असताना, व्होल्टेज इतकं उतरायचं की मोटर नुसती गुरगुरायची. ठिणग्या शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत जायच्या. पहिल्या पावसात छप्पर गळलं आणि यंत्र हलवता येत नाही म्हणून त्याच्यावर ताडपत्री घालून आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात भिजत उभे राहिलो. बायको तेव्हा जे बोलली ते इथे लिहीत नाही. दिवाळीआधी यंत्र विकलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. मनुष्यस्वभाव. १ इंच बाय ३० इंचाचं छोटं यंत्र घेतलं, आठ किलोचं, एका हातानं उचलावं असं. बायको खूश, मीटर खूश. त्यावर मी पहिली ऑर्डर घेतली. बांबूचं काम करणाऱ्या एका बाईंची, त्यांना बांबू चिरायची सुरी हवी होती. सूप, टोपली, ताटवे, सगळं त्या करतात. बांबूची कामटी निघते ती सुरीच्या धारेवर, आणि दिवसाला किती कामट्या निघतात त्यावर घर चालतं. मी आठ दिवस राबून सुरी केली. आरशासारखी चमकत होती. पंधरा दिवसांनी बाई ती परत घेऊन आल्या. शांतपणे ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "गुर्जी, दिसाले लय साजरी हाय, पन कामाची नाई."

धार वळली होती. पत्र्यासारखी.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पाणी दिल्यानंतर शेवटचा हात फिरवताना टोकाजवळ एक निळसर छटा दिसली होती आणि मी ती पॉलिश करून घालवली होती. साध्या कमानीच्या पोलादाला फिकट गवती रंग येतो तो दोनशे-सव्वादोनशे अंशांना, तिथवर ठीक. निळा येतो तीनशेच्या आसपास. निळा रंग आला म्हणजे तिथली कठिणाई गेली. रंग पुसता येतो, गेलेली कठिणाई परत येत नाही. वर्गात कॉपीचा डाग खोडणाऱ्या पोरांना मी जे ऐकवतो ते सगळं त्या दिवशी स्वतःला ऐकवलं.

पण आखूड पट्टा इतका का तापतो? कागदावर हिशेब मांडला. तो पट्टा सेकंदाला साधारण १५ मीटर पळत होता आणि त्याची लांबी जेमतेम पाऊण मीटर. म्हणजे पट्ट्याचा प्रत्येक कण सेकंदाला वीस वेळा सुरीवर येऊन आदळत होता. त्याला मध्ये थंड व्हायला वेळच नाही. माझ्या आधीच्या धटिंगणाचा पट्टा पावणेदोन मीटरच्या वर लांब होता, तो दीडपट वेगानं पळूनही त्याचा कण सेकंदाला बारा वेळाच परत येई. लांब पट्टा थंड चालतो तो यामुळे. शिवाय एक इंची पट्ट्यावर सुरीचा रुंद उतार एका दमात बसत नाही, पुन्हा पुन्हा त्याच जागी घासावं लागतं. उष्णता साठते ती अशी.

मी बाईंना दुसरी सुरी करून दिली, कानशीनं आणि दगडावर. पैसे घेतले नाहीत. त्या मात्र अर्धे ठेवून गेल्या. "मेहनत त केली ना," म्हणाल्या. ते पैसे अजून मनातून गेले नाहीत.

आता बाजेकडे येतो.

बाबांनी आयुष्य कोळशाच्या खाणीत काढलं. राजुऱ्यात हे सांगण्यासारखं काही नाही, इकडे दर दुसऱ्या घरात हेच. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी खोकला सुरू झाला, मग जिना चढताना धाप, मग चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. आता उशाशी पंप असतो. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी छोट्या यंत्रावर पंधरा सुऱ्यांचा सपाटा लावला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबांनी बाज उचलली आणि घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्याकडे नेली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "मी खानीतून रिटायर झालो, तू घरीच खान आनली काय बे?"

ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

त्या रात्री मी पाढे मांडले. सुरीचं पातं समजा १५० मिलिमीटर लांब, ३० रुंद, ४ जाड. सपाट पट्टीपासून सुरुवात करून पाठीकडून धारेपर्यंत पूर्ण उतार काढायचा म्हणजे निम्मं पोलाद घासून टाकायचं. १५० गुणिले ३० गुणिले ४, भागिले २, म्हणजे नऊ घन सेंटिमीटर. पोलादाचा एक घन सेंटिमीटर पावणेआठ ग्रॅमच्या थोडा वर भरतो. गुणाकार आला सत्तर ग्रॅम. एका सुरीमागे सत्तर ग्रॅम पोलादाची धूळ, शिवाय पट्ट्याचे झिजलेले कण वेगळेच. पंधरा सुऱ्या म्हणजे किलोच्या वर.

किलोभर लोखंड गेलं कुठे? मी छपरी झाडून केर वजनकाट्यावर ठेवला. निम्माही भरला नाही. उरलेलं शेजाऱ्याच्या भिंतीवर, कडुलिंबावर, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीत, आणि... बाजेवर.

डॉक्टर सांगतात की निव्वळ लोखंडाची धूळ दगडाच्या धुळीइतकी घातकी नसते. खरं असेल. पण आधीच झिजलेल्या फुप्फुसांना हा युक्तिवाद कोण समजावणार? आणि घासण्याच्या धंद्याचा इतिहास काही चांगला नाही. इंग्लंडमधलं शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांचं गाव. तिथे एकोणिसाव्या शतकात जेवणाचे काटे घासणारे कारागीर कोरड्या वालुकाश्मावर घासत आणि त्यांतल्या पुष्कळांना तिशी ओलांडणं कठीण जाई. ओल्या दगडावर घासणारे जरा जास्त जगत. लांब कशाला, गुजरातेत खंबातला अकीक जगभर जातो आणि तो घासणाऱ्यांची फुप्फुसं सिलिकोसिसनं दगड होतात. आमचं चंद्रपूर तर २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं काढलेल्या देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत चौथं होतं. कोळसा, सिमेंट, वीजकेंद्र, सगळ्यांचा वाटा त्यात आहे. त्यावर आम्ही चहाच्या टपरीवर तावातावानं बोलतो. आणि घरी येऊन मी माझा सत्तर ग्रॅमचा वाटा घालत होतो.

तर पहिला प्रश्न हा. तुझ्या जागेत किती धूळ मावते? यंत्र त्यानंतर निवडायचं.

हा प्रश्न घेऊन मी आमच्या खातीमामांकडे गेलो. विळे, पावशा, कुऱ्हाडी, वखराची पास, सगळं त्यांच्या भट्टीतून निघतं. माझी पट्टी आणि घासून केलेली सुरी दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन्ही हातांत तोलून पाहिल्या. म्हणाले, "एवढं लोखंड घासून फेकता काय जी? आमी त ठोकून सरकवतो." आणि पट्टी भट्टीत घातली.

"सरकवतो" हा शब्द माझ्या डोक्यात दिवा लावून गेला. मी जे काढून टाकत होतो ते ते जागेवरून हलवत होते. घणाखाली पोलाद धारेकडे पातळ होत गेलं, रुंद होत गेलं. वीस मिनिटांत धारेची जाडी दीड मिलिमीटरवर आली. पाठ चारची चारच. माझ्या घरी घासायला उरलं पंचवीस-तीस ग्रॅम. त्यातलंही निम्मं मी कानशीनं काढतो. कानशीचा कीस जड असतो, तो उडत नाही, खाली पायाशी पडतो आणि चुंबकानं गोळा होतो. यंत्राच्या वाट्याला आले दहा-पंधरा ग्रॅम.

एवढ्याशा कामाला दोन हॉर्सपॉवर कशाला हवी?

मग तिसरं यंत्र मी विकत घेतलं नाही, चंद्रपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलं. त्याचं माप सांगतो, कारण विद्यार्थ्याचा मूळ प्रश्न तोच होता. पट्टा २ इंच बाय ४८ इंच. मोटर एक हॉर्सपॉवर, सिंगल फेज, पण १४४० फेऱ्यांची, आणि पूर्ण बंद अंगाची, म्हणजे धूळ तिच्या पोटात शिरत नाही. चालक चाक १२० मिलिमीटरचं. वेग निघतो सेकंदाला नऊ मीटर, ताशी ३२-३३ किलोमीटर. एसटी गेली, म्हातारी लुना आली. आणि गंमत अशी की हा पट्टा लांबीनं मध्यम असूनही त्याचा प्रत्येक कण सेकंदाला सात-साडेसात वेळाच परत येतो. म्हणजे त्या धटिंगणापेक्षाही जास्त विश्रांती. वेग कमी केला तर आखूड पट्टाही थंड चालतो, हे साधं गणित मला दोन यंत्रं विकल्यावर सुचलं. काम हळू होतं हे कबूल. पण पाणी दिलेल्या सुरीवर हळूच काम करायचं असतं, उघड्या बोटांनी, आणि बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायची असते.

वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा आणि थ्री फेज मोटर लावली तर आणखी चांगलं, पण तो डबा धुळीपासून वाचवावा लागतो, त्याला वेगळी बंद पेटी हवी. लहान जागेत मला ते झेपलं नाही. त्याऐवजी चाकं बदलून वेग बदलतो.

उचलून नेण्याचं म्हणाल तर, हलकं यंत्र आणि हलवता येणारं यंत्र यांत फरक आहे. फार हलकं यंत्र टेबलावर नाचतं आणि सुरीवर लाटा उठतात. माझं चोवीस किलोचं आहे, पण मोटर चार बोल्टांवर आहे. ती उतरवली की दोन खेपांत एक माणूस सगळं नेतो. काम करताना ते सी क्लॅम्पनं ओट्याला आवळतो, खाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. शेजारच्या पोराची दहावी होती तेव्हा या तुकड्यानं माझी अब्रू राखली.

पट्टा वरून खाली, आपल्याकडे येईल असा फिरतो. त्यामुळे ठिणग्या आणि धूळ दोन्ही खाली जातात, आणि तिथे पाण्याची रुंद बादली असते. दुसऱ्या दिवशी बादलीच्या तळाशी काळा गाळ बसतो, तो बघून मला आनंद होतो. तो कुणाच्या छातीत गेलेला नसतो.

पट्टे घेताना एक लक्षात ठेवायचं. राजुऱ्यात या मापाचे पट्टे मिळत नाहीत, नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. घासकागदवाले मोठ्या गुंडाळीतून हव्या त्या मापाचे पट्टे जोडून देतात, तेव्हा एकदम दोन डझन करून आणावेत, पण कापडी पाठीचेच. पावसाळ्यात ते दमट होऊन मुरडतात आणि जोड सुटतो, म्हणून खिळ्याला न टांगता जाड पाइपवर टांगावेत, कोरड्या जागी. आणि झिजलेला पट्टा काटकसर म्हणून वापरू नये. तो कापत नाही, नुसता तापवतो. बाईंच्या सुरीच्या वेळी माझा पट्टा तसलाच होता.

बाकी नियम थोडक्यात. प्लग १६ अँपिअरचा, अर्थिंग खात्रीचं, आणि पाण्याशी खेळ असल्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. तोंडाला एन-९५. आपल्याकडे उन्हाळ्यात पुरुष डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, तो यंत्राजवळ नको. त्यातून धूळ आरपार जाते आणि टोक पट्ट्यात अडकलं तर मान आत ओढली जाते. हातमोजेही त्याच कारणानं नकोत. डोळ्यांना चष्मा. मुठीचं लाकूड, मग तो धावडा असो की तेंदूचा काळा गाभा, लोखंडाच्या दिवशी घासू नये. लाकडाच्या भुशात एक ठिणगी पडली तर तासाभरानं धूर दिसतो, तोवर आपण जेवायला बसलेलो असतो. काम संपलं की कपडे छपरीतच बदलायचे. आणि सुरी घरच्या नाहीतर शेतीच्या, बांबूच्या कामाचीच करायची. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं कामाचं हत्यार नसेल तर ते शस्त्र कायद्याच्या कक्षेत जातं. आमच्या जिल्ह्यांत त्या बाबतीत हौस न केलेली बरी.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेऊन ठेवतो. छपरीतली धूळ कमी झाली, पण काम खातीमामांच्या अंगावर गेलं. त्यांच्या भट्टीचा धूर कोण मोजणार? आक्षेप खोटा नाही. भट्टी कोळशाची आहे. पण ती चारी बाजूंनी उघड्या मांडवात आहे, आणि माझ्या सुरीसाठी ती वेगळी पेटत नाही, विळ्यांसाठी पेटलेलीच असते. त्यांना प्रत्येक पात्याचे पैसे मिळतात. पूर्वी मी तेच पैसे पट्ट्यांत आणि विजेत घालत होतो. शिवाय गावातली माणसं आता आयते विळे-सुऱ्या बाजारातून आणतात, त्यामुळे त्यांच्या घणाला काम हवंच आहे. तरी मी त्यांना एन-९५चा डबा नेऊन दिला. त्यांनी एक मास्क दोन दिवस लावला, तिसऱ्या दिवशी तो भात्याच्या खुंटीला लटकलेला होता. मी बोलणं सोडलेलं नाही.

दुसरा आक्षेप असा येईल की महिन्याला वीस-पंचवीस सुऱ्या करून विकायच्या असतील तर लुनावर भागणार नाही. बरोबर आहे. मग ७२ इंची यंत्र घ्या, तीन हॉर्सपॉवरचं घ्या. पण त्याच्यासोबत शेड घ्या, धूळ ओढणारा पंखा आणि नळी घ्या, गावाबाहेर जागा घ्या. मोठ्या यंत्राची किंमत त्या सगळ्यासकट मोजायची. माझी तक्रार मोठ्या यंत्राबद्दल नाही. ते घरात आणून त्याची उरलेली किंमत घरच्यांकडून वसूल करण्याबद्दल आहे, आणि ते मी स्वतः केलेलं आहे.

विद्यार्थ्याला मी परवा फोन केला. म्हटलं, यंत्राचं नंतर बघू, आधी एक चुंबक घे. वीस-तीस रुपयांचं पुरे. ते कागदात गुंडाळायचं आणि अर्धा तास काम झालं की घरातल्या खिडकीच्या कठड्यावरून, अंथरुणावरून, पोळीच्या डब्याच्या झाकणावरून फिरवायचं. कागदाला काळ्या मिशा फुटल्या तर तुझं यंत्र त्या जागेला मोठं आहे, मग ते आठ किलोचं का असेना.

मी अजूनही दर रविवारी फिरवतो. खिडकीच्या कठड्यावर अगदी पुसटशा मिशा कधी कधी येतात, मग मी त्या दिवसापुरतं यंत्र बंद करून कानस घेतो. बाज गेल्या पावसाळ्यानंतर परत कडुलिंबाखाली आली आहे. बाबा तिच्यावर पडून माझं काम बघतात आणि मधूनच सूचना करतात. त्यांच्या उशीवर चुंबक फिरवायला गेलो की म्हणतात, "झाली काय रे तपासनी?"

झाली, बाबा. आज काही लागलं नाही.